गोपनीयवाल्याची वही आणि आपलं विधेयक

सतरा सप्टेंबरला अंबाजोगाईत एका छोट्या सभागृहात मुक्तिसंग्राम दिनाचं व्याख्यान होतं. शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, साध्या कपड्यातला एक गृहस्थ मांडीवर वही घेऊन बसला होता. आमच्याकडं त्याला सगळे नुसतं 'गोपनीय' म्हणतात. पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेचा अंमलदार. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, किती मानसं म्हनू?" मी म्हटलं, साठ. त्यानं वहीत पंच्याहत्तर लिहिलं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर हसला. "साठ लिवलं की साहेब म्हनतात, उशिरा गेलास."

व्याख्यानाचा विषय होता गश्ती निशाण ५३. निजामाच्या राजवटीत सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढायला लावणारं ते फर्मान. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहे.

तो अंमलदार काही वाईट माणूस नव्हे. पण त्याची ती नोंद जिल्हा विशेष शाखेत जाते, विषय महत्त्वाचा वाटला तर राज्य गुप्तवार्ता विभागापर्यंत जाते. ती घ्यायला कुणी सांगितलं, ती किती वर्षं राहणार, पंच्याहत्तरचे साठ कुणी करायचे, याचं उत्तर त्याच्याकडंही नाही. उद्या वरून तोंडी हुकूम आला की "त्या मास्तरवर जरा नजर ठेव," तर "साहेब, लेखी द्या" असं म्हणायचा हक्क त्याला कुठल्याही कायद्यानं दिलेला नाही. प्रकरण अंगाशी आलं की बळी तोच जातो.

गुप्तवार्ता सुधारणा म्हटलं की लोकांना वाटतं आपण गुपितं उघडी करा म्हणतोय. तसं नाही. वहीत काय लिहिलंय ते दाखवू नका. वही कुणाच्या सहीनं उघडली, किती दिवस चालली, कुणी तपासली आणि कधी फाडली, एवढं कायद्यात लिहा. आमच्या अभ्यासगटानं दीडेक वर्ष खपून असा एक मसुदा केला. त्यात ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. वकील, विधीचे विद्यार्थी, संघटनांचे कार्यकर्ते, आमदारांकडं काम करणारी पोरं, यांच्यापैकी कुणालाही हे जमण्यासारखं आहे.

पहिलं काम : आज कायद्यात काय आहे ते मांडा

एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडं 'संस्था', उजवीकडं 'कुठल्या कायद्यानं'. उजवी बाजू भरताना लगेच अडाल.

गुप्तचर विभाग, म्हणजे आयबी, १८८७ पासून चालत आलेला. त्याचे अधिकार आणि मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा नाही. रॉ २१ सप्टेंबर १९६८ ला उभी राहिली, तीही सरकारी आदेशानं. गंमत अशी की संसदेनं १९८५ मध्ये गुप्तचर संघटनांसाठी एक कायदा केला, पण तो कर्मचाऱ्यांनी संघटना काढू नये, वर्तमानपत्रांशी बोलू नये यासाठी. म्हणजे तिथल्या माणसाचे हक्क कमी करायला कायदा लागला, त्याच्या हातातले अधिकार मोजायला लागला नाही. हे काही आपल्याकडंच नाही. ब्रिटनची एमआय-५ १९०९ ला सुरू झाली आणि तिला कायदा मिळाला १९८९ ला.

फोन ऐकण्याबाबत मात्र कायदा आहे. आधी १८८५ च्या तार कायद्याचं कलम ५(२) होतं. डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे आणि ऐकायचं तर पद्धत पाळा. त्यातून २००७ साली नियम ४१९-क आला. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम आहेत. आदेश गृह सचिवाचा, मुदत साठ दिवस, वाढवत नेलं तरी एकूण १८० दिवस. तपासायला पुनर्विलोकन समिती. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव, आणि सोबत आणखी दोन सचिव.

इथं पेन थांबवा आणि समितीतल्या पदांकडं नीट बघा. सही करणारा सचिव, तपासणारे सचिव. बाहेरचं कुणी नाही. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचं कुणी नाही. एका भावानं मोजलेलं धान्य दुसऱ्या भावानं पुन्हा मोजायचं, तसं हे. संगणक आणि मोबाइलमधल्या मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे, आणि तिथंही हाच साचा.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मापाचा हवा. त्यानंतर वर्षभरात न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं गुप्तचर कामावर देखरेखीचा कायदा आणा असं सुचवलं. तो आला नाही. उलट २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट द्यायची सोय झाली.

दुसरं काम : दिल्ली की मुंबई

आमची पहिली चूक इथं झाली. सगळ्या देशासाठी, रॉपासून ठाण्याच्या गोपनीय शाखेपर्यंत, एकच मसुदा लिहायला बसलो. चाळीस पानं झाली आणि कुणाला द्यायचा हेच कळेना. खासदार म्हणाले पोलीस राज्याचा विषय, आमदार म्हणाले आयबी केंद्राची.

केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण विभाग हा केंद्र सूचीतला आठवा विषय. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्य सूचीतले पहिले दोन. म्हणजे आयबी-रॉसाठी लोकसभेत जा. तिथं हा प्रयत्न झालेलाही आहे : मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये गुप्तचर संस्थांच्या अधिकारांचं आणि नियमनाचं खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढं गेलं नाही. राज्य गुप्तवार्ता विभाग, जिल्हा विशेष शाखा, दहशतवादविरोधी पथक यांच्यासाठी मात्र मुंबईचं विधानभवन पुरे. मराठवाड्याचे खासदार आठ, आमदार सेहेचाळीस. दार कुठलं ठोठवायचं ते या आकड्यांवरूनच कळतं.

एक पथ्य पाळा. दूरसंचार केंद्राचा विषय असल्यानं राज्याच्या विधेयकात 'फोन ऐकण्याचा अधिकार' नव्यानं द्यायला किंवा काढून घ्यायला जाऊ नका. मोक्का, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातल्या फोन ऐकण्याच्या तरतुदींना याच मुद्द्यावर आव्हान दिलं गेलं होतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या टिकवल्या, कारण कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारी हा होता. आपल्या विधेयकाचा गाभा राज्य पोलिसांच्या नोंदी, त्यावरची देखरेख आणि विधिमंडळाला द्यायचा हिशेब एवढाच ठेवा. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातातल्या विषयावरच्या केंद्रीय कायद्याशी कुठं टक्कर होत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. शक्यतो ती वेळच आणू नका.

तिसरं काम : एक निवृत्त पोलीसवाला शोधा

हे अनेकांना पटत नाही. आमच्या गटातल्या दोन तरुणांनी तर नाकच मुरडलं होतं. पण पोलिसांचं काम ज्याला माहीत नाही त्यानं लिहिलेलं कलम गृह विभागाच्या पहिल्या टिपणीतच गळतं. आम्हाला एक निवृत्त निरीक्षक मिळाले. पस्तीस वर्षांत परभणी, नांदेड, जालना सगळीकडं राहिलेले.

त्यांनी पहिल्याच बैठकीत ऐकवलं. २००६ च्या मे महिन्यात औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात आरडीएक्स आणि एके-४७ पकडल्या, त्या खबरेवर पकडल्या. खबर हातात आली तेव्हा समितीची बैठक बोलवत बसलो असतो तर गाडी निघून गेली असती. हे खरंच आहे. या भागात धोका कागदावरचा नाही.

पण तेच पुढं म्हणाले की निम्मी खबर फायलीत मरते. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीसमोरही तेच आलं : इशारे आले होते, ते हाताळायची पद्धत ढिली होती. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीनंही यंत्रणांमधल्या ताळमेळावरच बोट ठेवलं होतं. तेव्हा उद्देश लिहिताना हा मुद्दा आधी घ्या. ज्या यंत्रणेला नोंद कुणी, कधी, का घेतली हे सांगावं लागतं, तिच्याकडं नोंद वेळेवर सापडतेही. सुरक्षा एका पारड्यात आणि स्वातंत्र्य दुसऱ्यात, अशी तराजूची भाषा आम्ही मसुद्यातून काढूनच टाकली. शंभरदा वापरून ती गुळगुळीत झालीय, आणि तीत नागरिकाचं पारडं नेहमी वरच राहतं.

अमेरिकेचा एक धडा इथं उपयोगी पडतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००४ मध्ये त्यांनी गुप्तचर सुधारणेचा मोठा कायदा केला. सगळ्या यंत्रणांवर एक राष्ट्रीय संचालक बसवला आणि त्याच कायद्यात नागरी स्वातंत्र्यावर लक्ष ठेवणारं एक मंडळही काढलं. पण मंडळ ठेवलं राष्ट्राध्यक्षांच्याच कार्यालयात. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच वाड्यात बिऱ्हाड! २००७ मध्ये कायदा दुरुस्त करून ते स्वतंत्र करावं लागलं. तुमच्या मसुद्यातलं देखरेख मंडळ कुठल्या खात्याच्या पैशावर चालणार, हा प्रश्न म्हणून पहिल्या दिवशीच विचारा.

चौथं काम : आकडे मागवा, नावं नकोत

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नं आयबी, रॉ वगैरे केंद्रीय संस्थांना सूट आहे, आणि राज्य सरकारलाही आपल्या गुप्तवार्ता संस्थांना अशी सूट देता येते. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांशी संबंधित माहिती मात्र या सुटीत बसत नाही. म्हणून अर्ज गुप्तवार्ता विभागाला न करता मंत्रालयात गृह विभागाला करा.

काय मागायचं? कुणाचा फोन ऐकला, हे नाही. मागच्या पाच वर्षांत पुनर्विलोकन समितीच्या बैठका किती झाल्या, त्यांच्या तारखा. समोर आलेले आदेश किती, रद्द केलेले किती. बस्स. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, शुल्क दहा रुपये. माझा पहिला अर्ज मी वकिली थाटात दोन पानांचा लिहिला आणि तो त्याच कारणानं परत आला. घरच्यांना हसायला मिळालं. दुसऱ्या अर्जाला एका कार्यालयाचं उत्तर आलं, "माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही." कलम कुठलं ते नाही. नकार देताना कारण आणि अपिलाचा पत्ता सांगणं बंधनकारक आहे. तीस दिवसांत पहिलं अपील करा, तिथं नाही भागलं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. वेळ लागतो, पण नकाराचा कागदसुद्धा पुढं उद्देशपत्रिकेला जोडता येतो.

आता या सगळ्या लेखातली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट. १९९९ च्या मोक्का कायद्याचं कलम २७ काढून वाचा. फोन ऐकण्यासाठी अर्ज किती आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, तातडीचे किती होते, यांचा वार्षिक अहवाल दर कॅलेंडर वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढं ठेवायचा, असं तिथं लिहिलेलं आहे. आपल्याच राज्यात, पंचवीस वर्षांपूर्वी! परदेशी कायद्यांचे गठ्ठे घेऊन आम्ही फिरत होतो आणि कलम घरच्याच कपाटात होतं. 'अशानं पोलिसांचे हात बांधले जातील' असं कुणी म्हणालं की हे कलम पुढं करा. मोक्कानं कुणाचे हात बांधले गेलेत असं पोलीससुद्धा म्हणत नाहीत.

पाचवं काम : कलमं लिहा

इथं घाई नको. आम्हाला आठ महिने लागले, आणि त्यातले तीन पहिल्या एका कलमावर गेले.

ते कलम म्हणजे व्याख्या. 'राज्याची सुरक्षा' म्हणजे काय हे लिहिणं अवघड आहे, काय नाही हे लिहिणं त्या मानानं सोपं. कॅनडाच्या १९८४ च्या कायद्यात कायदेशीर निषेध आणि मतभेद वेगळे काढलेत. ते धरून आम्ही असं लिहिलं :

'कायदेशीर मार्गाने केलेले समर्थन, निषेध, मोर्चा, संप, लेखन किंवा शासनावरील टीका ही केवळ तेवढ्याच कारणावरून राज्याच्या सुरक्षेस धोका असल्याचे मानले जाणार नाही; परंतु ती हिंसाचाराच्या तयारीशी जोडलेली असल्याची कारणे लेखी नमूद केली असतील तर हा अपवाद लागू होणार नाही.'

निरीक्षकांनी वाचलं आणि कागद खाली ठेवला. "वकीलसाहेब, मोर्चा शांततेतच निघतो. दगड नंतर पडतो. मोर्च्यात किती माणूस येणार हे मला आदल्या दिवशी कळलं नाही तर बंदोबस्त काय लावू, कपाळ?" २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस बीड-माजलगावात काय झालं ते आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. लोकप्रतिनिधींची घरं जळाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं.

तीन महिने घासाघीस झाल्यावर वाट निघाली ती वहीवरूनच. आम्ही माहितीचे दोन भाग केले. एक, बंदोबस्ताची माहिती : कार्यक्रम कुठं, कधी, मार्ग कुठला, अंदाजे माणसं किती. तिला कुणाच्याही परवानगीची गरज नाही, पण तीत श्रोत्यांची नावं लिहायची नाहीत आणि गुन्हा घडला नाही तर तीस दिवसांत ती काढून टाकायची. दोन, व्यक्तीवरची पाळत : अमुक माणूस कुठं जातो, कुणाला भेटतो, काय बोलतो. तिला सही लागेल, मुदत लागेल, तपासणी लागेल. निरीक्षक म्हणाले, "हे चालंल. नाहीतरी पहिलीच माहिती रोज लागते, दुसरी शंभरात एकदा." तुमचा मसुदा तुमचा, पण ही फोड मात्र जरूर उचला.

मग सही. ब्रिटननं २०१६ च्या कायद्यात दुहेरी कुलूप आणलं. मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्तानं मान्यता दिल्याशिवाय वॉरंट लागू होत नाही. आपल्यासाठी आम्ही लिहिलं : गृह सचिव आणि उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नामिकेतला (पॅनेलमधला) एक निवृत्त न्यायाधीश. नामिकेतला एक तरी जण छत्रपती संभाजीनगरला बसेल असं मुद्दाम घातलं. नाहीतर हिंगोलीची फाईल मुंबईला जाऊन येईपर्यंत खबर शिळी. तातडीचा मार्ग ठेवाच. मोक्कात अपर पोलीस महासंचालकाला ४८ तासांची मोकळीक आहे, आम्ही तीच धरली. ४८ तासांत दुसरी सही नाही झाली तर आदेश आपोआप संपला आणि गोळा केलेलं वापरता येणार नाही.

मुदतीला साठ दिवस ठीक आहेत. खरा घोळ वाढवण्यात असतो. जुन्या आदेशाची नक्कल, तारीख तेवढी नवी. म्हणून 'मुदतवाढीच्या प्रत्येक अर्जात मागील मुदतीत काय निष्पन्न झाले हे नमूद करावे' एवढं एक वाक्य घाला. काहीच निष्पन्न झालं नसेल तर लिहिणाऱ्याचाच हात अडखळतो.

नोंद नष्ट करण्याच्या कलमात एक खड्डा आहे, जपून. केंद्राच्या नियमांप्रमाणे फोन ऐकण्याचे आदेश आणि नोंदी गरज संपली की दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात. ऐकायला छान वाटतं, नागरिकाच्या सोयीचं. पण ज्या आदेशाची तपासणीच झाली नाही तोही जळून जातो, आणि बेकायदा ऐकलं असेल तर त्याचा पुरावाही. २२ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं लाचेच्या एका प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. ते आदेश कागदावर शिल्लक होते म्हणून कोर्टासमोर आले. तेव्हा क्रम लिहा : आधी तपासणी, मग नाश, आणि नाश केल्याची एक ओळीची नोंद कायमची.

वार्षिक अहवालासाठी मोक्काचं कलम २७ जवळजवळ जसंच्या तसं घ्या, फक्त त्याची शेवटची खिडकी बंद करा. सुरक्षेला बाधक वाटेल तो मजकूर वगळायची मुभा सरकारला तिथं आहे. आम्ही म्हटलं, मजकूर वगळा, आकडा वगळता येणार नाही. नांदेड परिक्षेत्रात वर्षात चाळीस आदेश निघाले, हे कळल्यानं कुठल्याही अतिरेक्याला काडीचाही फायदा नाही.

ज्याच्यावर पाळत होती त्याला नंतर कळवायचं का? जर्मनीत धोका टळल्यावर कळवतात. आमच्या गटात यावर एकमत झालं नाही. मी स्वतः कळवावं या बाजूचा, न्यायाधीशाच्या परवानगीनं ते लांबवायची सोय ठेवून. निरीक्षक कायम विरोधात राहिले : "खबऱ्या कोण ते तो दोन दिवसांत ओळखंल." शेवटी आम्ही कंसात दोन पर्याय ठेवून तसाच मसुदा दिला. मसुद्यात मतभेद दिसला तर दिसू द्या.

अंमलदाराचं संरक्षण हे कलम विसरू नका. तोंडी हुकूम लेखी मागायचा हक्क, आणि बेकायदा हुकमाची तक्रार थेट नामिकेतल्या न्यायाधीशाकडं करायची सोय. आमच्या मसुद्यावर पोलिसांकडून मिळालेला खराखुरा पाठिंबा या एका कलमावर मिळाला, अर्थात कुजबुजत.

आणि मुदतीचं कलम : पाच वर्षांनी कायदा आपोआप संपेल, पुढं चालवायचा तर सभागृहात पुन्हा चर्चा. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याला अशी मुदत होती म्हणूनच तो १९९५ मध्ये संपला.

विधिमंडळाच्या देखरेख समितीबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये दोन्ही सभागृहांच्या नऊ सदस्यांची समिती आहे. आपल्याकडं सात पुरे, अध्यक्ष विरोधी पक्षाचा, लोकलेखा समितीच्या प्रथेप्रमाणे. बैठक बंद दाराआड. खबऱ्याचं नाव समितीलाही मागता येणार नाही हे स्पष्ट लिहा. पुरावा कायद्यानं कोर्टापुढंही पोलिसाला ते सांगायची सक्ती नाही, मग समितीला कशाला हवं?

सहावं काम : सभागृहापर्यंत नेणं

आमदाराकडं विधेयक घेऊन जाऊ नका. प्रश्न घेऊन जा. 'मोक्का कलम २७ खालचे मागील पाच वर्षांचे अहवाल सभागृहाच्या पटलावर कोणत्या तारखांना ठेवले?' हा तारांकित प्रश्न दोन ओळींचा आहे, कुठल्याही पक्षाच्या आमदाराला विचारता येतो आणि विचारणाऱ्यावर देशद्रोहाचा शिक्का बसत नाही. उत्तर आलं की त्याच्या आधारानं अर्धा तास चर्चा किंवा लक्षवेधी. विधेयक त्यानंतर.

आमदार बिगर-मंत्री असेल तर ते अशासकीय विधेयक होतं. मसुदा मराठीतच करा, राज्याचे कायदे मराठीत होतात. इंग्रजीतून भाषांतर केलेलं कलम विधी व न्याय विभागातला माणूस लांबून ओळखतो. सोबत उद्देश व कारणे यांचं निवेदन, एका पानाच्या वर नको. न्यायाधीशांच्या मानधनाचा खर्च राज्याच्या तिजोरीतून जाणार म्हणून वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचं टिपण लागेल, आणि पैसा खर्च होणारं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मंजूर होत नाही, हे आमदारांना आधीच सांगून ठेवा. अशासकीय कामकाजाचा वार शुक्रवार. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं आणि शुक्रवारी दुपारनंतर निम्मं सभागृह गाडीच्या वेळेकडं बघत असतं. आमच्या आमदारांच्या स्वीय सहायकांनीच हे सांगितलं, म्हणून पावसाळी अधिवेशन धरा.

कधी सरकारच स्वतःचं विधेयक आणतं. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडं गेलं तेव्हा बारा हजारांवर सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. विरोधकांचा व्याख्येच्या ढिलेपणावरचा आक्षेप शेवटपर्यंत राहिला. पण मूळ मसुद्यात तपास उपनिरीक्षकाकडं होता तो उपअधीक्षकाकडं गेला, उद्देशाची भाषा आवळली गेली, सल्लागार मंडळाची रचना बदलली. अशा वेळी सूचना लिहायची पद्धत एकच : खंड क्रमांक, आजचा मजकूर, आपला मजकूर, कारण तीन ओळींत. 'हा काळा कायदा मागे घ्या' असं पत्र मोजलं जातं, वाचलं जात नाही. मोर्चासाठी ते वाक्य ठेवा, समितीसाठी खंड क्रमांक.

विधेयक मंजूर होईल या आशेवर राहू नका. संसदेत स्वातंत्र्यापासून चौदाच खासगी विधेयकं मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. तुमचा हेतू मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यायला लावणं हा असू द्या. बहुधा ते म्हणतील, "सदस्यांच्या भावना रास्त आहेत, शासन तपासून पाहील, विधेयक मागे घ्यावं." त्या दिवशीच्या कार्यवाहीची प्रत काढा आणि ते वाक्य अधोरेखित करा. मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडं जातं आणि खात्याला त्याचं काय झालं ते लेखी कळवावं लागतं. दर अधिवेशनाच्या आधी महिनाभर आमदारांच्या कार्यालयात जाऊन त्या आश्वासनाचा क्रमांक विचारायचा. आमच्या गटात हे काम निरीक्षकांकडं आहे. फाईल कुठं अडते आणि कुणाला चहा पाजला की हलते, हे त्यांच्याइतकं आम्हाला कुणालाच माहीत नाही.